सोनीच्या उशाशी उभा मी

मित्रांनो, दवाखान्यात आजारी माणसाला भेटायला गेलात, की तुमची नजर आधी त्याच्या चेहऱ्याकडे जाते आणि मग वर टांगलेल्या बाटलीकडे. ती बाटली कशावर टांगली आहे, हे सहसा कुणी पाहत नाही. तो मी. सलाईनचा एक जुना लोखंडी स्टँड. खाली तीन पाय, पायांना चाके, मधोमध पाइप, पाइपातून वर-खाली होणारा दांडा आणि माथ्यावर दोन आकडे. एवढाच माझा देह.

माझा जन्म सिल्वासाजवळ मसाटला, पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. मसाटला तेव्हा कारखाने नुकते उभे राहू लागले होते. शेडमध्ये खिडक्यांचे गज आणि शिड्या बनत. सिल्वासात एका ट्रस्टचा छोटा दवाखाना निघणार होता, त्यांनी स्टँड मागवले. बारकू नावाच्या वेल्डरने मला जोडले. पांढरा रंग देऊन उन्हात वाळत ठेवले, तेव्हा तो सोबत्याला म्हणाला, "याच्यावर कुणाचा तरी जीव टांगणार हाय. सांधा कच्चा नको."

दवाखाना खरोखरच लहान होता. पुरुषांचा वॉर्ड, बायकांचा वॉर्ड, ऑपरेशनची खोली आणि व्हरांड्याच्या टोकाला एक्स-रेची खोली. मोठे सर्जन होते डॉक्टर सदाशिव. मुंबईच्या इस्पितळात बरीच वर्षे काढून ते इकडे आले होते. बोलणे कमी, रागावले की त्याहून कमी. बायकांचा वॉर्ड विजया सिस्टरांच्या हातात होता. त्या मूळच्या सावंतवाडीकडच्या, नवरा इथल्या सरकारी शाळेत शिक्षक. माझा पांढरा रंग आणि काटकुळे पाय बघून त्या मला 'आमचा बगळा' म्हणायच्या. "बगळ्याला इकडे घ्या गो," अशी हाक आली, की वॉर्डातल्या बायकाही हसायच्या.

भाताच्या लावणीत साप चावलेली माणसे येत. उन्हाळ्यात जुलाबाने सुकलेली मुले येत. कारखान्यांतून भाजलेले, बोटे चिरडलेले कामगार येत. मी प्रत्येकाच्या उशाशी उभा राहिलो. काही उठून घरी गेले, काही गेले नाहीत. ज्या दुपारी मी सर्वात जास्त घाबरलो, ती गोष्ट तुम्हांला सांगायची आहे.

नव्वद साल नुकतेच उलटले होते. होळीला गावी गेलेले धुळे-नंदुरबारकडचे कामगार परतून पुन्हा कामाला लागले होते. मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्याची पहिली पाळी सुटली आणि बायकापुरुषांना भरून सामरवरणीकडे निघालेला टेम्पो वळणावर उभ्या असलेल्या ट्रकवर आदळला. पुष्कळांना खरचटले. पण सोनी नावाची एक तरुण बाई अगदी पुढे, केबिनमागच्या आडव्या लोखंडी दांड्याला धरून उभी होती. तो दांडा तिच्या ओटीपोटात बसला आणि मागची सगळी माणसे तिच्या पाठीवर कोसळली.

तिला आणले तेव्हा ती शुद्धीवर होती. तिचा नवरा नवनाथ सोबत होता. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होते. ते पुसायचेही त्याला भान नव्हते.

"साहेब, हिले पाहा आधी. मले काही नही झालं."

सोनी हळूच म्हणाली, "माझं पन काही नही. कंबर दुखते फक्त."

डॉक्टर सदाशिवांनी तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंवर अगदी हलके हात ठेवून दाबले आणि ती किंचाळली. तिचे ओठ पांढरे पडले होते. रक्तदाब उतरला होता. विजया सिस्टरांनी मला ओढत आणले, माझ्या आकड्याला बाटली अडकवली आणि दुसरी बाटली दुसऱ्या स्टँडवर चढवली. दोन्ही हातांतून पाणी भराभर शरीरात जाऊ लागले.

डॉक्टरांच्या हाताखाली शैलजा नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांना सिल्वासात येऊन वर्षही झाले नव्हते. त्यांनी सोनीची लघवीची जागा नीट तपासली. तिथून रक्त येत नाही याची खात्री केली आणि मगच अलगद नळी घातली. नळीतून थोडीशीच लघवी आली. ती लालभडक होती.

खाटेवरच काढलेला कमरेचा एक्स-रे तोवर धुऊन आला होता. तो खिडकीकडे धरून शैलजा डॉक्टर म्हणाल्या, "सर, पुढचं हाड मोडलंय, आणि लघवीत उघड रक्त आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या, की मूत्राशय फाटलं नाही ना, हे पाहिलंच पाहिजे. आत्ताच एक्स-रेच्या खोलीत नेऊ या. नळीतून डाय भरून फोटो काढू."

"पाहायला तर हवंच," सदाशिव डॉक्टर म्हणाले. "पण आत्ता नाही."

"सर, उशीर झाला तर?"

"शैलजा, तिचं प्रेशर बघ. त्या टेबलावर ती आपल्या हातातून गेली, तर फोटो कुणासाठी काढायचा?"

शैलजा डॉक्टरांच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही. मला दोघांचेही पटत होते आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती.

मग सुरू झाले वाट पाहणे. मित्रांनो, धावपळ सोपी असते. वाट पाहणे फार कठीण. सोनीच्या कमरेभोवती चादर घट्ट आवळून बांधली होती, म्हणजे मोडलेल्या हाडांतून रक्त कमी जाईल. माझ्या बाटलीतला थेंब न् थेंब मी मोजल्यासारखा खाली सोडत होतो. नवनाथचे सोबती रक्त द्यायला रांगेत उभे राहिले. नवनाथ व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. दार उघडले, की उठायचा आणि कुणी काही बोलले नाही, की परत बसायचा.

"वापीला नाहीतर सुरतेला पाठवायचं का?" शैलजा डॉक्टरांनी विचारले.

"अशा प्रेशरवर? त्या रस्त्याने?" डॉक्टरांनी मान हलवली. "आणि उगाच पोटही उघडणार नाही मी. मूत्राशय खालच्या अंगाला फाटलं असेल, तर नुसती नळी ठेवून आपोआप भरून येतं. तिथं सुरी लावली, तर मोडक्या हाडांभोवती दबून राहिलेलं रक्त मोकळं सुटेल. पण वरच्या अंगाला फाटलं असेल, तर लघवी पोटात सांडतेय. मग उघडल्याशिवाय गत नाही. दोन्हीकडे धोका आहे. म्हणून फोटो हवा. आणि म्हणूनच तो तिला पेलेल तेव्हाच हवा."

दुसऱ्याचे रक्त सोनीच्या अंगात जाऊ लागले. रक्तदाबाचा पारा हळूहळू चढला, पुन्हा थोडा घसरला, मग चढून तिथेच थांबला. सदाशिव डॉक्टरांनी स्वतः दोनदा मोजून पाहिले.

"आता," ते म्हणाले. "चला."

सोनीच्या खाटेबरोबर मीही व्हरांड्यातून घरंगळत निघालो. एक्स-रेच्या खोलीत रमाकांत होता. यंत्र सांभाळण्याचे काम त्याचे. त्याने सलाईनच्या बाटलीत डाय, म्हणजे एक्स-रेत पांढरे दिसणारे रंगाचे औषध, मिसळून ती माझ्या आकड्यावर टांगली. बाटलीची नळी सोनीच्या लघवीच्या नळीला जोडली. हे औषध सिरिंजने जोर लावून भरायचे नसते. बाटली उंच टांगायची आणि आपल्याच वजनाने ते खाली उतरू द्यायचे. म्हणजे त्या खोलीत माझी उंची हेच औषध होते.

औषध उतरू लागले. थोडे आत गेले आणि सोनी कळवळली. "बस, बस! नही सोसवत!"

शैलजा डॉक्टरांनी चटकन नळीला चिमटा लावला. रमाकांतने फोटो काढला आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन धुऊन आणला. सगळे त्या ओल्या फिल्मभोवती जमले. मूत्राशयाचा छोटासा पांढरा आकार दिसत होता. आजूबाजूला काही नव्हते.

"गळती नाही दिसत," रमाकांत म्हणाला.

सदाशिव डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. तेही माणूसच होते. दुपारपासून ते खुर्चीवर टेकलेही नव्हते. पण शैलजा डॉक्टर फिल्म खाली ठेवेनात.

"सर, हे अर्धंही भरलेलं नाही. यावरून 'नाही' म्हणता येईल?"

"परत भरायचं म्हणजे परत तिला तसंच दुखवायचं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी सोनीकडे पाहिले. ती डोळे मिटून पडली होती.

इतका वेळ विजया सिस्टर तिचा हात धरून उभ्या होत्या. त्या खाली वाकल्या. दोन पुरुष खोलीत होते, म्हणून आवाज अगदी बारीक केला.

"सोनी, मला एक सांग गो बाय. टेम्पोत चढलीस तेव्हा लघवीला लागली होती?"

सोनीने मान फिरवली. 

"सकाळपासून लागली व्हती," ती परत वळून म्हणाली.

"मग गेली का नाहीस?"

"संडासाले कुलूप राहते. चावी सुपरवायझरकडे. सगळ्या मानसांसमोर जाऊन मागा लागते. तो हसतो." तिने ओठ चावला. "आमी बाया पानीच पीत नही कामावर. आज प्याले मी, लई गरम व्हत व्हतं."

"आणि आता? आता लागल्यासारखं वाटतंय?"

"नही ना. दणका बसला, तव्हापासून वाटतच नही. मी म्हटलं, बरं झालं."

 सिस्टर ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी डॉक्टरांकडे पाहिले. त्यांनी ऐकले होते.

"गच्च भरलेलं होतं," सदाशिव डॉक्टर सावकाश म्हणाले. "भरलेल्या मूत्राशयावर असा मार बसला, की ते वरच्या अंगालाच फाटतं. शैलजा, तुझं बरोबर आहे. अर्धं भरलं तर फाटलेली जागा दुमडून बसते, दिसत नाही. पूर्ण भरायला हवं."

मग ते सोनीच्या उशाशी आले. इतक्या वर्षांत त्यांना आजारी माणसाशी इतक्या हळू बोलताना मी ऐकले नव्हते.

"सोनीबाई, मघाचा फोटो अपुरा आहे. परत भरावं लागेल, आणि जास्त भरावं लागेल. दुखेल. पण त्याशिवाय तुझं पोट उघडायचं की नाही, हे मला ठरवता येणार नाही. तू सांग."

सोनीने डोळे उघडले. माझ्यावर टांगलेल्या बाटलीकडे ती बघत राहिली.

"करा," ती म्हणाली. "पन या वेळी पुरं करा. तिसऱ्यांदा नका करू."

रमाकांतने माझा दांडा आणखी वर ओढला आणि स्क्रू आवळला. मित्रांनो, त्या स्क्रूचे आटे केव्हाच झिजले होते. रोजच्या वापरात कुणाला ते जाणवले नव्हते. बाटली भरलेली होती. औषध धारेने उतरू लागले, सोनीने दात आवळले, विजया सिस्टरांच्या मनगटावर तिची नखे रुतली, आणि नेमका तेव्हाच माझा दांडा करकरत खाली घसरला. धार थांबली. नळीतले लालसर पाणी उलटे वर चढू लागले.

मी लोखंडाचा. मला घाम फुटत नाही. पण त्या क्षणी मला वाटले, की बारकूने मला जोडलेच नसते तर बरे झाले असते.

"सोडू नका!" सोनी ओरडली. "आता सोडू नका!"

सदाशिव डॉक्टरांनी भिंतीवरचा, किरण अडवणारा शिशाचा एकुलता एक जाड एप्रन अंगात चढवला, पुढे आले, माझा दांडा दोन्ही हातांनी पकडला आणि त्यांचा हात पोचेल तितका वर उचलून धरला.

"रमाकांत, मी इथेच उभा आहे. तू फोटोचं बघ. सिस्टर, शैलजा, बाहेर व्हा."

"सर, आम्ही..."

"बाहेर."

सिस्टरांनी सोनीचा हात सोडवून घेतला. मोकळा झालेला तो हात हवेत चाचपडला आणि मला सापडला. थंडगार, ओल्या बोटांनी तिने माझा पाइप गच्च धरला. वर डॉक्टर, खाली सोनी, आणि मधे मी. औषध उतरत राहिले. तिचा श्वास फुटत होता, पण बस म्हणून ती एकदाही बोलली नाही. बाटली जवळजवळ रिकामी झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काढ."

यंत्र घरघरले. मग नळी मोकळी सोडून मूत्राशय रिकामे केले आणि लगेच आणखी एक फोटो काढला. भरलेल्या मूत्राशयाआड लपलेली गळती कधीकधी या रिकाम्या फोटोतच सापडते.

दोन्ही फिल्म पाणी निथळत बाहेर आल्या. या वेळी कुणाला काही विचारावे लागले नाही. पांढरे औषध मूत्राशयाच्या वरून निसटून आतड्यांच्या वेटोळ्यांमध्ये पसरले होते. मूत्राशय रिकामे झाल्यावरही ते तिथेच होते.

"वर फाटलंय," सदाशिव डॉक्टर म्हणाले. "थिएटर तयार करा."

शैलजा डॉक्टरांनी नवनाथला बोलावून सगळे समजावून सांगितले. त्याने एकच विचारले, "दिसलं ना नक्की?"

"हो. नक्की दिसलं."

"मग करा साहेब."

ऑपरेशनच्या खोलीत मी पुन्हा तिच्या उशाशी होतो. या वेळी माझा दांडा सिस्टरांनी चिकटपट्टीचे वेढे देऊन पक्का बांधला होता. पोट उघडले, तेव्हा लघवी आतड्यांभोवती साचलेली मिळाली. फाटलेली जागा वरच्याच बाजूला होती. सदाशिव डॉक्टर टाके घालत होते, शैलजा डॉक्टर धागा कापत होत्या. मधेच रक्तदाब घसरला. सिस्टरांनी माझ्यावरची रक्ताची पिशवी मुठीत धरून दाबली. तो परत वर आला. शेवटचा टाका पडला तेव्हा सदाशिव डॉक्टर म्हणाले, "आजचं तुझ्यामुळे झालं, शैलजा."

"आणि ती आपल्या हातातून गेली नाही, ती तुमच्यामुळे, सर."

पुढचे काही दिवस सोनीला ताप होता. मग तो उतरला. तिची सोबतीण मंजुळाबाई रोज पाळी संपवून डबा घेऊन येई. एक दिवस कारखान्याचे शेठ केळी आणि सफरचंदांची करंडी घेऊन आले. सदाशिव डॉक्टरांनी ती हातात घेतली नाही.

"शेठ, फळं नकोत. कुलूप काढा."

शेठना आधी कळलेच नाही. मग विजया सिस्टरांनी त्यांना वॉर्डाबाहेर नेले आणि जे सांगायचे ते सांगितले. काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. शेठ परतले, तेव्हा त्यांची मान खाली होती. पुढच्या आठवड्यात मंजुळाबाई डबा उघडता उघडता म्हणाली, "सोने, कुलूप गेलं बरं का. आतून कडी बसवली. आता आमी पानी पितो."

सोनी हसली आणि टाके दुखले म्हणून लगेच पोट धरले.

जखम भरली, तेव्हा पुन्हा एकदा डाय भरून फोटो काढला. एक थेंबही बाहेर आला नाही. नळी निघाली. हाड जुळायला मात्र बरेच दिवस गेले. सोनी पहिल्यांदा उभी राहिली, ती मला धरून. एक पाऊल, मग थांबणे, मग आणखी एक. नवनाथ हात पुढे करून चालत होता, पण तिने त्याचा हात धरला नाही. "राहू द्या," ती म्हणाली, "हा बगळा बरा. हा घाबरत नही."

तिला काय माहीत!

त्या दिवसापासून पोटाला मार लागलेला कुणीही आला, की लोक रमाकांतकडे बोट दाखवत. "रंगाचा फोटो काढा." पुढे काही वर्षांनी झुंबर नावाचा एक तगडा माणूस सायकलवरून पडून आला. हँडल पोटात लागले होते. लघवी डोळ्यांना स्वच्छ दिसत होती. सूक्ष्मदर्शकाखाली तेवढे रक्ताचे थोडे कण होते. हाडे शाबूत होती आणि लघवी सुखाने होत होती.

"माझा फोटो काढा. पैसे देतो," झुंबर अडून बसला. "त्या मसाटच्या बाईचा काढला होता ना?"

"तिला गरज होती," शैलजा डॉक्टर म्हणाल्या. तोवर दवाखाना त्यांच्याच हाती आला होता. "तुम्हांला नाही. उगाच नळी घालून इजा करायची आणि जंतू आत सोडायचे, हे मी करणार नाही. आज इथं झोपा. लघवी लाल झाली, अडली किंवा पोट फुगलं, तर मी लगेच काढते."

झुंबर रात्रभर कुरकुरत झोपला. सकाळी चहा पिऊन सायकलवर बसून घरी गेला. न काढलेल्या फोटोचे कुणी कौतुक करत नाही, पण मी त्या सकाळी शैलजा डॉक्टरांचा चेहरा पाहिला. वाट पाहणे त्या शिकल्या होत्या.

मग दवाखान्यात चकचकीत स्टीलचे स्टँड आले. मला वॉर्डातून अडगळीच्या खोलीत नेले. माझ्यावर कुणी ओले फडके वाळत टाकले, कुणी तुटकी छत्री अडकवली. रंगाचे पोपडे निघाले, चाकांत केस आणि धूळ अडकली. सदाशिव डॉक्टर तर आधीच मुंबईला परत गेले होते. विजया सिस्टर निवृत्त झाल्या, तेव्हा अडगळीत येऊन त्यांनी माझ्यावरचे फडके काढून ठेवले. 

मित्रांनो, माझे फारसे मागणे नाही. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखी साधी वस्तू असेल, तर कधीतरी तिचा स्क्रू आवळून पाहा, चाकाला तेलाचा थेंब द्या. ती मोडल्यावर नव्हे, त्याआधी.

पण खरी विनवणी वेगळी आहे. लाजेपोटी देहाचे हाल करू नका आणि दुसऱ्या कुणाला करायला लावू नका. पोटाला, कमरेला मार लागला आणि लघवी लाल आली, किंवा आलीच नाही, तर कुणी विचारील म्हणून थांबू नका. फोटो काढायचा की नाही, आत्ता की थोड्या वेळाने, हे डॉक्टर ठरवतील. पण ठरवायला त्यांना तुमचा शब्द लागतो. सोनीने मान फिरवली होती. ती परत वळून बोलली नसती, तर आम्ही सगळे त्या अर्ध्या फोटोवर समाधान मानून तिला वॉर्डात नेऊन झोपवले असते. आणि मी तिच्या उशाशी नुसता उभा राहिलो असतो.